'खंबीर साथ' मी दिलेली नाही

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत 'मिरजेचे बर्फवेडे आजोबा' या मथळ्याखाली जे छापून आलं, त्यातले आजोबा म्हणजे आमचे हे. मी त्यातली आजी. ३१ वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवल्यामुळे छापील कागद समोर आला की माझं तांबडं पेन आपोआप उघडतं. तुमच्या अडीच रकान्यांत मला सात चुका सापडल्या. सगळ्या दुरुस्त करा असं माझं म्हणणं नाही. यांचं वय तुम्ही ७१ चं ७४ केलंत, त्याचं यांना काहीच वाटलेलं नाही. उलट बागेतले मित्र 'या वयात!' म्हणून हात मिळवायला लागल्यापासून स्वारी खुशीत आहे. पण दोन-तीन गोष्टी तशाच राहिल्या तर आमची नात उद्या त्याच खऱ्या धरून चालेल, म्हणून हे पत्र.

आधी फोटो. खाली लिहिलंय, 'स्केटिंगचा आनंद लुटताना'. स्केटिंग वेगळं, स्कीइंग वेगळं. स्केटिंगला बुटाखाली पातं असतं आणि ते गोठलेल्या पाण्यावर, सपाटीला करतात. स्कीइंगला पायात लांब फळ्या अडकवतात, त्यांनाच स्की म्हणायचं, आणि बर्फाच्या उतारावरून त्यांच्यावर घसरत खाली यायचं. तुमच्या वार्ताहराला मी दोष देत नाही, पोरगा चांगला होता, दोनदा चहा घेतला. दोष थोडा आपल्या भाषेचाही आहे. मिरजेत बर्फ म्हणजे रसवंतीतला, गोळेवाल्याकडचा, लग्नात सरबताच्या पिंपात टाकतात तो. आभाळातून पडतो त्याला वेगळा शब्द आपल्याला कधी लागलाच नाही. 'हिम' आहे, पण ते पाठ्यपुस्तकात. मी स्वतः फळ्यावर 'हिमवर्षाव' किती वेळा लिहिला असेल! तो कसा दिसतो हे मात्र अजून पाहिलेलं नाही. ते पुढे येईलच.

हे भाषेवाचून अडून बसले नाहीत. पूर्वी गुलमर्गहून यांची अंतर्देशीय पत्रं यायची, त्यात बर्फाची सगळी नावं आमच्या स्वयंपाकघरातली. 'आज रवा पडला' म्हणजे ताजा, कोरडा, मुठीत न धरणारा. त्याहून बारीक असला तर 'पिठी'. वाऱ्यानं वरचा थर कडक झाला आणि खाली मऊच राहिला की ती 'पापडी'. तिच्यावर भार पडला की ती फुटते आणि पाय आत रुततो. मार्चमध्ये बर्फ दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठायला लागतो, त्याचे दाणे सुटतात, तो 'साबुदाणा'. आणि घट्ट, गुळगुळीत झालेला तो 'फरशी'. 'काल फरशीवर दोनदा आपटलो, काळजी नसावी' हे वाक्य मला नीट आठवतं, कारण त्याच आठवड्यात इकडे सासूबाई मोरीच्या खऱ्या फरशीवर आपटल्या होत्या आणि त्यांचं सगळं मी करत होते.

आमच्याकडे फ्रीज आला तो १९९१ साली. पहिल्यांदा ट्रेमधून बर्फ काढला, शेजारपाजारची मुलं जमली, आणि हे तो बोटानं ढोसून म्हणाले, "फरशी!"

दुसरी चूक. 'हिमालयातील अनेक शिखरे सर केली' असं तुम्ही लिहिलंय. यांनी एकही शिखर सर केलेलं नाही. गुलमर्गला आता गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, आहे. त्याचा पहिला टप्पा १९९८ साली कोंगडोरीपर्यंत झाला, दुसरा २००५ साली अफरवट डोंगराच्या अंगावर, जवळजवळ ४,००० मीटर उंचीपर्यंत. त्यात बसून वर जायचं आणि स्कीवरून खाली यायचं. हे शिकले तेव्हा गोंडोला नव्हता. शिकाऊ माणसानं स्की पायात ठेवूनच खेकड्यासारखं आडवं आडवं पाऊल टाकत चढायचं, आणि अर्ध्या तासाची चढण दीड मिनिटात संपवून खाली येऊन पडायचं. चढणं ही यांच्या लेखी नुसती हमाली. 'हा गृहस्थ ४० वर्षं डोंगर उतरतो आहे' असं लिहिलं असतंत तर मी कात्रण काढून ठेवलं असतं.

तिसरं म्हणजे, 'निवृत्तीनंतर जोपासलेला छंद'. हे शिकले १९८१ साली, वयाच्या २७ व्या वर्षी. आणि छंद हा शब्द मला मान्य नाही. छंद पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला असतो. याला आमच्याकडे नाद म्हणतात, आणि नाद कसा असतो ते सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मूळ शोधायचं तर ते सासऱ्यांकडे जातं म्हणे. दुसऱ्या महायुद्धात इथून जवळच, कोल्हापूरच्या अलीकडे वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते ४८ या काळात पाचेक हजार माणसं तिथं राहून गेली. सासरे तेव्हा रेल्वेत, त्याच लाइनवर. एका पोलिश म्हाताऱ्यानं त्यांना खाणाखुणा करून सांगितलं की आमच्या देशात हिवाळ्यात मुलं पायाला फळ्या बांधून शाळेला जातात. सासऱ्यांना थापा मारायची सवय होती, तेव्हा मी हमी घेत नाही. पण ती गोष्ट त्यांनी चारही मुलांना सांगितली. तिघांनी ऐकून सोडून दिली. पुढे भारताकडून हिवाळी ऑलिंपिकला गेलेला पहिला स्कीअर, १९६४ सालचा जेरेमी बुजाकोव्स्की, हाही पोलिश वंशाचाच, हे यांच्या वाचनात आलं, तेव्हा घरात पेढे यायचे तेवढे बाकी राहिले. जणू तो वळिवड्याच्या प्लॅटफॉर्मवर सासऱ्यांना भेटून गेला होता.

यांचा खरा रस्ता साधाच. तरुणपणी सह्याद्रीत भटकणं, मग उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा कोर्स, तिथं कुणीतरी सांगितलं की केंद्राच्या पर्यटन खात्याची संस्था गुलमर्गला स्कीइंग शिकवते. राहणं, जेवण, सामान सगळं त्यातच. रेल्वेतल्या कारकुनाला पास मिळतोच. निघाले. मिरजेहून पुणे, तिथून झेलम एक्स्प्रेसनं दोन रात्री काढून जम्मू तावी, मग बसनं बनिहालचा जवाहर बोगदा ओलांडून श्रीनगर, तिथून टंगमर्ग, आणि शेवटचे १३ किलोमीटर चेन लावलेल्या जीपनं, नाहीतर आपल्या पायांनी. श्रीमंतांचा खेळ, असंही तुम्ही एका ठिकाणी म्हटलंय. असेल. स्वित्झर्लंडला असेल. आमच्याकडे तो सेकंड क्लासच्या बर्थखाली झोपून गेला.

आता ज्या वाक्यासाठी मी लिहायला बसले ते. 'या संपूर्ण प्रवासात त्यांना पत्नीची खंबीर साथ लाभली.' तुमचा वार्ताहर दोन तास आमच्या घरी होता. मला त्यानं एकच प्रश्न विचारला, तोही माझ्याच प्रश्नावर. मी विचारलं साखर किती, तो म्हणाला, कमी आहे का?

मी साथ दिलेली नाही. मी भांडले. चांगली कडाकडा भांडले, आणि माझी बाजू बरोबर होती.

लग्न झालं डिसेंबर १९८२ मध्ये. पहिली संक्रांत, काळी साडी, अंगभर हलव्याचे दागिने. सगळ्या बायका कौतुक करत होत्या आणि हे जवळ येऊन त्या हाराकडे बघत म्हणाले, "अगदी अस्साच दिसतो." कोण दिसतो, काय दिसतो, मला काही उलगडा होईना. लाजून मान खाली घातली. फेब्रुवारीत हे पिशवी भरून निघाले तेव्हा कळलं की ते माझ्याबद्दल नव्हतंच. सासूबाईंकडे रडले तर त्या म्हणाल्या, "दारू नाही, पत्ते नाहीत. बर्फच ना? जाऊ दे." मी तेव्हा काही बोलले नाही, नवी होते. आज बोलते. दारूचा गुत्ता निदान गावात असतो, माणूस रात्री घरी तरी येतो.

मुलगी झाली जानेवारी १९८६ मध्ये. दिवस भरत आले होते, हे जाणार नाही म्हणाले होते. मग कोर्सची तारीख अलीकडे आली, आणि डॉक्टरीण म्हणाल्या की अजून तीन आठवडे आहेत. मुलीला ते मान्य नव्हतं. केलेली तार टंगमर्गच्या पोस्टात पडून राहिली. रामबनजवळ दरड कोसळून रस्ता चार दिवस बंद. हे उगवले ते बाराव्या दिवशी सकाळी, पाळणा सजवून झाल्यावर. ओठ फाटलेले, नाक सोललेलं, तोंड काळंठिक्कर आणि डोळ्यांभोवती गॉगलचा पांढरा पट्टा. दारातच म्हणाले, "नाव हिमानी ठेवू या." माझ्या वन्संनी पोरीच्या कानात जे सांगितलं ते मी निवडलेलं होतं. यांच्याशी मी पाडव्यापर्यंत बोलले नाही. या गोष्टीला तुमच्या भाषेत साथ म्हणत असतील तर माझी हरकत नाही.

पुढच्याच वर्षी पाचटाचं प्रकरण झालं. माहेर माझं वाळव्याकडचं, उसाचा पट्टा. तोडणी झाली होती, शेतात पाचट पडलं होतं. यांच्या डोक्यात आलं की कालव्याच्या भरावावर पाचट पसरलं तर वर्षभर सराव करता येईल. गड्याला हाताशी धरून दोन गाड्या पाचट भरावावर टाकलं. स्की अजून स्वतःच्या नव्हत्या, म्हणून सुताराकडून सागाच्या फळ्या तासून, पुढची टोकं वाफेवर वाकवून आणली होती. माझे वडील, दोन काका, निम्मी गल्ली बघायला. हे वरून सुटले, आठ-दहा फूट झकास आले, मग एक फळी पाचटात घुसली आणि जावईबापू डाव्या खांद्यावर. हासळी मोडली. दवाखान्यात केसपेपरवर 'शेतात घसरून पडले' असं लिहून घेतलं, कारण खरं कारण डॉक्टरांना सांगायला वडिलांची जीभ रेटेना. हाड जुळलं, पण आखूड जुळलं. तेव्हापासून यांचा डावा खांदा बोटभर खाली आहे. सदरा शिवताना शिंप्याला सांगावं लागतं.

स्वतःची स्कीची जोडी यांनी १९८८ साली गुलमर्गला एका परदेशी माणसाकडून जुनी घेतली. किंमत माझ्या सव्वा पगाराएवढी. त्या वेळच्या स्की सरळ आणि लांबलचक, १९५ सेंटीमीटरच्या. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत त्या आडव्या मावेनात म्हणून देवघरामागच्या कोपऱ्यात उभ्या. येणारा-जाणारा आधी देवाला आणि मग त्यांना नमस्कार करायचा. मिरज हे सतारमेकरांचं गाव, त्यामुळे पहिला तर्क वाद्याचा व्हायचा. पावसाळ्यात त्यांच्या पोलादी कडांना गंज चढायचा, त्यावर खोबरेल तेल. त्या कडांना धार लागते. आडवं वळताना बर्फात तीच धरते, धार नसली तर फरशीवर माणूस सरळ खाली जातो. म्हणून दर डिसेंबरात रविवारी दुपारी कानस घेऊन हे ओसरीवर बसणार आणि कर्र कर्र सुरू. एकदा पलीकडच्या काकू विळी घेऊन आल्या, धारवाला आलाय असं समजून. यांनी ती लावूनही दिली.

आणि इस्त्री. स्कीच्या तळाला मेण लावावं लागतं. स्की घसरते तेव्हा घासटीनं बर्फाचा पापुद्रा वितळून पाण्याचा पातळ थर होतो, तो तळाला चिकटू नये म्हणून मेण. आणि बर्फ किती थंड त्यावर मेण कडक घ्यायचं की मऊ ते ठरतं. हे सगळं मला पाठ आहे, शिकायची इच्छा नसताना. मेणाची कांडी गरम इस्त्रीला टेकवून थेंब थेंब तळावर पाडायचे, मग इस्त्री फिरवून पसरायचे. इस्त्रीतून धूर निघाला तर ती जास्त तापली, तळ जळतो. गार झालं की खरवडून काढायचं. खरवडायला माझी वर्गातली फूटपट्टी. १९८९ साली आमच्या शाळेची तपासणी होती. सकाळी सहाला उठून मी पांढरी इरकली साडी इस्त्रीला घेतली आणि पहिल्याच हातासरशी पदरावर वीतभर जांभळा डाग उमटला. जांभळं मेण. ती साडी मला आईनं दिली होती. त्या दिवशी मी जे बोलले ते कुठल्याही दैनिकात छापता येणार नाही. संध्याकाळी हे नवी इस्त्री घेऊन आले, आणि जुनीच्या मुठीवर माझ्या नेलपॉलिशनं 'ब' काढला. ब बर्फाचा. ती अजून आहे, कपाटावरच असते. वार्ताहरानं विचारलं असतं तर सांगितलं असतं.

१९९० साली काश्मीर पेटलं. तिथल्या माणसांची घरंदारं गेली, पोरं गेली. आणि मला, लिहायला लाज वाटते, मला हायसं वाटलं. चला, फेब्रुवारी माझा झाला. तो एक वर्ष माझा होता. त्या वर्षी आम्ही मुलीला घेऊन गणपतीपुळ्याला गेलो. हे वाळूच्या उतारावर उभे राहून पाय जुळवून बघत होते. पुढच्या वर्षी यांना उत्तराखंडातल्या औलीचा शोध लागला. हरिद्वारला उतरून जोशीमठ, बसनं एक पूर्ण दिवस, वर नंदादेवी समोर. तिथं भारत-तिबेट सीमा पोलिसांचे जवान सराव करतात, त्यांच्यात हा मिरजेचा रेल्वेबाबू. पुढे तिथं जोशीमठहून रोपवे झाला, चारेक किलोमीटरचा, हे दरवर्षी त्याची गोष्ट सांगायचे. जोशीमठची जमीन खचायला लागली आणि जानेवारी २०२३ मध्ये तो बंद पडला. तेव्हा हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. रोपवेसाठी नाही, जिथं उतरायचे त्या घराच्या भिंतीला तडा गेल्याचं फोनवर कळलं म्हणून.

२०२२ च्या फेब्रुवारीत बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकटा खेळाडू होता, टंगमर्गकडचा आरिफ खान. तुमच्या खेळाच्या पानावर त्याची बातमी तळाला चार ओळींत आली होती, तेही मला आठवतंय. जायंट स्लॅलमच्या, म्हणजे रोवलेल्या खांबांच्या दारांतून वळत वळत उतरायच्या शर्यतीच्या दिवशी इथं लख्ख ऊन आणि हे कानटोपी घालून फोनसमोर. तिकडे बर्फ कोसळत होता, जवळजवळ निम्मे खेळाडू पडून नाहीतर दार चुकवून बाद झाले. आरिफ दोन्ही फेऱ्या पुऱ्या करून ४५ वा आला. स्लॅलम, म्हणजे त्याहून आखूड वळणांची दुसरी शर्यत, मात्र त्याला पूर्ण करता आली नाही. ४५ व्या नंबरासाठी रडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी म्हटलं, "अहो, ४५ वा." तर म्हणाले, "खाली पोचला गं."

एक गोष्ट मी कधी यांना बोलून दाखवलेली नाही, इथं लिहिते. स्कीच्या बाइंडिंगला, म्हणजे बूट धरून ठेवणाऱ्या चापाला, एक स्क्रू आणि आकडा असतो. किती जोर पडला की बूट सुटायचा ते त्यावर ठरतं. वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी आणि वय यांचा तक्ता असतो. आकडा जास्त ठेवला तर पडताना बूट सुटत नाही आणि गुडघा जातो. वय वाढलं की आकडा खाली आणायचा. हे दर डिसेंबरात स्क्रू फिरवतात, माझ्याकडे पाठ करून. पूर्वी त्या चापाच्या छोट्या खिडकीत सात दिसायचे. मग सहा. आता साडेचार.

१ फेब्रुवारी २०२३ ला हे गुलमर्गला होते. दुपारी टीव्हीवर पट्टी आली, अफरवटला हापतखुडमध्ये हिमस्खलन, काही जण अडकले. यांचा फोन लागेना. तीन तास लागला नाही. मग पट्टी बदलली, मृत दोघे परदेशी. मी देवापुढे साखर ठेवली. नंतर कळलं की ते दोघे पोलिश होते. माझ्या तोंडून 'बरं झालं, परदेशी' असं निघून गेलं होतं, ते नातीनं ऐकलं होतं. रात्री हे फोनवर म्हणाले की आज आम्ही त्या बाजूला गेलोच नव्हतो, उगीच काळजी करतेस. आल्यावर भांडण झालंच. खंबीर, असं म्हणता येईल त्याला.

म्हणजे बघा, ४० वर्षं हा माणूस जिथं जातो ते मी पाहिलेलंच नव्हतं. मुलीनं हट्टानं जानेवारी २०२४ ची विमानाची तिकिटं काढली. ऐन चिल्लई कलान, काश्मीरच्या कडक थंडीचे ४० दिवस. हे महिनाभर आधी माझ्यासाठी मोजे गोळा करत होते. आणि गुलमर्गला पोचलो तर मैदान बोडकं. तपकिरी, मळकं गवत, एप्रिलमध्ये आमच्या इकडचा दंडोबाचा डोंगर दिसतो तसं. वर्गात मी शिकवत आले, भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ येतात आणि काश्मिरात हिवाळी बर्फ पडतो. त्या हिवाळ्यात ते धड आलेच नाहीत. घोडेवाले उन्हात बसलेले, लाकडी स्लेज एकावर एक रचून ठेवलेल्या, फेरनमध्ये, म्हणजे तिथल्या झग्यात, निखाऱ्यांची कांगडी धरून म्हातारे आभाळाकडे बघतायत. यांचा चेहरा मला बघवेना. घरी पाहुणा बोलवावा आणि चुलीत विस्तव नसावा, तसं झालेलं.

गोंडोलानं कोंगडोरीपर्यंत गेलो. पुढे माझ्या बीपीनं नको म्हटलं. तिथं एका घळीत, सावलीत, जुना बर्फ राहिला होता, परातभर. यांनी तो मुठीत घेतला, माझ्या तळव्यावर ओतला. सुटा, खडबडीत. म्हणाले, "ही साखर. ही चांगली नाही, हिच्यावर नवा थर बसला तर तो निसटतो." मला बर्फ दाखवायला आणलं आणि दाखवला तोही नापास झालेला.

खाली आल्यावर हे म्हणाले, थांब, दाखवतो. त्या वाळक्या उतारावर, पायात साधे कॅनव्हासचे बूट, एका हातात माझी छत्री, दुसऱ्या हातात घोडेवाल्याची काठी. गुडघे वाकवले, अंग पुढे, उताराच्या दिशेनं. "भीती वाटली की माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकला की पडतो." (यातून कुणी सुविचार काढू नये. फळ्यावर सुविचार लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, मला पुरे झालेत.) डावीकडे वळायचं तर भार उजव्या पायावर, उजवीकडे वळायचं तर डाव्या. असं करत हे चालत चालत, नागमोडी, त्या गवतावरून खाली आले. तोंडानं 'सर्र... सर्र' असा आवाज करत. लोक जमले. एक पोरगा मोबाइलवर काढायला लागला. एक म्हातारा स्लेजवाला हसला नाही. त्यानं कांगडी खाली ठेवली, यांच्या कमरेला हात लावून म्हणाला, "साहब, वज़न थोड़ा और आगे." यांनी तिथून परत वर जाऊन पुन्हा करून दाखवलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. मग दोघे एकमेकांशी बोलत बसले, आणि मी एकटीच कहवा घेतला.

आम्ही परतलो. जानेवारीच्या अखेरीस तिथं बर्फ पडला. यंदा, म्हणजे २०२५ सालीही तेच, खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. शेवटी फेब्रुवारी संपता संपता पडला, आणि हे दोन दिवसांत निघाले. मला येता आलं नाही, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यात थेंब घालायला मुलगी आली. हे आठ दिवस राहिले, परत आले, बागेत कुणीतरी तुमच्या वार्ताहराला सांगितलं, आणि पुढचं तुम्ही छापलंतच.

तेव्हा विनंती अशी. फोटोखालचं 'स्केटिंग' बदलून 'स्कीइंग' करावं. शिखरं काढून टाकावीत. आणि 'पत्नीची खंबीर साथ लाभली' याऐवजी 'पत्नीचा विरोध होता व आहे' असं छापावं. ही गोष्ट हेसुद्धा कबूल करतील, शेजारच्या खोलीत बसलेत, विचारून घेतलंय.

माझं नाव छापू नये. नातेवाइकांना कळेलच, त्याला इलाज नाही.

कळावे,

आपली जुनी वाचक,
निवृत्त भूगोल शिक्षिका, मिरज

ता. क. यंदा तिथल्या एका मुलानं काढलेली १४ सेकंदांची क्लिप यांनी तुमच्या वार्ताहराला पाठवली होती. त्यात चेहरा दिसत नाही, नुसता लाल जाकिटातला ठिपका वरून वळणं घेत येतो, कशावरून हे तेच, अशी शंका त्यानं फोनवर विचारली होती आणि म्हणून म्हणे तुम्ही जुना फोटो छापलात. हेच आहेत. डावा खांदा बघा.